गृहनिर्माण संस्थेत धर्माचा प्रश्न कसा हाताळावा : समिती सदस्यांसाठी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत आमची ११२ सदनिकांची गृहनिर्माण संस्था आहे आणि तिचा मानद सचिव म्हणून मी सहा वर्षे काम पाहिले. त्या काळातली माझी सर्वांत मोठी चूक एका बिलात होती. देखभालीच्या तिमाही बिलात 'उत्सव निधी : ५०० रुपये' अशी एक ओळ आमच्या आधीच्या समितीने घातली होती आणि आम्ही ती डोळे मिटून पुढे चालू ठेवली. तिसऱ्या मजल्यावरचे एक सभासद देवधर्म मानत नाहीत आणि तसे ते कोणापासून लपवतही नाहीत. दर तिमाहीला ते ही रक्कम वजा करून उरलेल्या पैशांचा धनादेश देत आणि धनादेशासोबत तसे पत्रही जोडत. पत्र फाइलला लागे, पण हिशेबाच्या संगणकाला पत्र वाचता येत नसल्यामुळे त्याने या न भरलेल्या पाचशे रुपयांवर द.सा.द.शे. २१ प्रमाणे व्याज आकारायला सुरुवात केली. दीड वर्षाने त्यांचे नाव सूचना फलकावरच्या थकबाकीदारांच्या यादीत आले आणि समितीच्या निवडणुकीत त्यांच्या उमेदवारी अर्जावर थकबाकीदार म्हणून हरकत घेतली गेली. सत्यनारायणाच्या प्रसादाला हातभार लावला नाही, एवढ्या कारणाने एक माणूस स्वतःच्याच संस्थेत उभा राहायला अपात्र ठरत होता आणि त्या यादीखाली सही माझी होती.

ती ओळ काढून टाकायला आम्हाला एक विशेष सर्वसाधारण सभा, दोन भांडणे आणि एक राजीनामा लागला. हे आधीच कसे टाळता आले असते आणि असे इतर प्रश्न कसे सोडवावेत, ते पुढे लिहीत आहे.

आधी आपण कोण आहोत ते ठरवावे

संविधानाच्या अनुच्छेद २५ ते २८ मध्ये धर्मस्वातंत्र्याची तरतूद आहे. त्यांपैकी २५ वा अनुच्छेद सर्वांना तोंडओळखीचा असतो : सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना बाधा न आणता प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. समितीच्या दृष्टीने मात्र अनुच्छेद २७ अधिक उपयोगाचा आहे आणि त्याचा उल्लेख क्वचितच कोणी करतो. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी किंवा पालनासाठी ज्याचे उत्पन्न खास राखून ठेवले आहे असा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, असे तो अनुच्छेद सांगतो. आमच्या बिलातली ती ओळ वाचून एका निवृत्त शिक्षिकेने सभेत हाच अनुच्छेद वाचून दाखवला होता.

त्यावर समितीतल्या एका वकील सदस्याने दिलेले उत्तर कायद्याच्या दृष्टीने बरोबर होते, हेही सांगितले पाहिजे. सहकारी संस्था म्हणजे राज्यसंस्था नव्हे आणि मूलभूत हक्कांची मागणी थेट तिच्याविरुद्ध करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व फक्त पारशांपुरते मर्यादित ठेवणारा त्या संस्थेचा उपविधी, म्हणजे संस्थेच्या नियमावलीतला नियम, वैध ठरवला होता. परंतु या निकालाचा आधार घेणारे एक गोष्ट विसरतात. त्या संस्थेच्या उपविधीतच तशी अट स्पष्ट लिहिलेली होती, तर ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक संस्थांनी सहकार खात्याचे आदर्श उपविधी जसेच्या तसे स्वीकारलेले असतात आणि त्यांत अशी कोणतीही अट नाही. उपविधीत जे नाही ते समितीच्या मनात असून चालत नाही.

दुसरा गैरसमज उलट्या बाजूचा आहे. आमच्या तरुण सभासदांपैकी काही जण अमेरिकेत राहून आलेले आहेत. तिथे १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने संसदेला धर्मसंस्था स्थापन करणारा कायदा करण्यास मनाई केली आणि १८०२ मध्ये जेफर्सनने एका पत्रात चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीची उपमा वापरली. तीच भिंत संस्थेत उभारावी, म्हणजे मोकळ्या जागेत कोणताच सण नको, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे राज्यानेच अशी भिंत बांधलेली नाही. पंढरपूरच्या मंदिरांसाठी १९७३ चा कायदा आहे, प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी १९८० चा आणि शिर्डी संस्थानासाठी २००४ चा. आषाढी एकादशीची शासकीय महापूजा मुख्यमंत्री करतात. भारतीय धर्मनिरपेक्षतेत राज्य धर्मापासून दूर राहण्यापेक्षा सर्व धर्मांशी सारख्या अंतराने वागणे अपेक्षित आहे. हे अंतर प्रत्यक्षात किती सारखे राखले जाते, यावर वाद घालता येईल. पण गणपतीचा मंडपच नको असा ठराव करणारी समिती ठाण्यात पुढच्या निवडणुकीपर्यंतही टिकणार नाही आणि माझ्या मते तो ठराव योग्यही नाही.

ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी कौपिनेश्वराचे मंदिर आहे, तलावाजवळच सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे आणि तिथून थोडे पुढे टेंभी नाक्याकडे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचे १८७९ चे सिनेगॉग आहे. या वास्तू इतकी वर्षे शेजारी नांदल्या, कारण प्रत्येकीला आपले आवार, आपले विश्वस्त आणि आपली तिजोरी होती. गृहनिर्माण संस्थेत यातले काहीच स्वतंत्र नसते. एकच सभागृह, एकच लिफ्ट, एकच बँक खाते. त्यामुळे शहरात जे आपोआप जमते ते संस्थेत लिहून ठेवावे लागते.

नियम कधी आणि कसा लिहावा

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, म्हणून ती बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमकी गणेशोत्सवाच्या तोंडावर होते. त्या सभेत उत्सवाचा नियम करायला घेणे म्हणजे मंडपाच्या बांबूला हात घालण्यासारखे आहे. तेव्हा केलेला प्रत्येक नियम 'आमच्या सणावर' केलेला वाटतो. मोकळा महिना शोधायला गेल्यास तो सापडत नाही, कारण रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि बाकीचे सण तिथीवार पसरलेले आहेत. आम्ही नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा निवडला : दिवाळी उरकलेली असते, नाताळला अजून वेळ असतो आणि लोकांच्या हातात थोडा निवांतपणा असतो.

विशेष सर्वसाधारण सभेसाठी पाच पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते, वार्षिक सभेसाठी चौदा. विषय कार्यक्रमपत्रिकेत स्वतंत्रपणे आणि पूर्ण वाक्यात लिहावा. तो 'आयत्या वेळचे विषय' या सदरात कधीही आणू नये. संस्थेतले निम्मे कज्जे त्या सदरात जन्म घेतात, कारण सभा संपत आलेली असते, लोक चहाकडे वळलेले असतात आणि उरलेले पंधरा जण उरलेल्या सर्वांसाठी निर्णय घेऊन मोकळे होतात.

ठराव लिहिण्यापूर्वी जुन्या इतिवृत्ताची वही काढून वाचावी, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. मी आमची वही वाचली तेव्हा लागोपाठ सहा वर्षे एकच वाक्य सापडले : 'नेहमीप्रमाणे गणेशोत्सव साजरा करण्याचे ठरले.' सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. त्याच वहीत पहिल्या मजल्यावरच्या एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, गृहस्थांचा अर्ज होता. मे महिन्यात एका संध्याकाळी माळेच्या प्रार्थनेसाठी सभागृह मिळावे, एवढीच त्यांची मागणी होती. तिच्यापुढे एका वर्षी 'विचाराधीन', दुसऱ्या वर्षी 'पुढील सभेत घेण्यात यावे' आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा 'विचाराधीन' असे लिहिलेले होते. या गृहस्थांचे घराणे ठाण्यात किती पिढ्या आहे ते त्यांनाही मोजता येत नाही आणि त्यांची मराठी माझ्यापेक्षा जुनी आहे. त्यांना कोणीही नकार दिला नव्हता. एकाला 'नेहमीप्रमाणे' आणि दुसऱ्याला 'विचाराधीन', एवढेच झाले होते. संस्थेतला भेदभाव बहुधा असाच, कोणाच्याही मनात वाईट हेतू नसताना, दोन शब्दांमध्ये राहतो.

आम्ही जो ठराव केला त्याचा मुख्य भाग असा होता : 'संस्थेचे सभागृह व मोकळी जागा कोणत्याही सभासदास, कुटुंबीयास किंवा सभासदांच्या गटास धार्मिक, सांस्कृतिक अथवा कौटुंबिक कार्यक्रमासाठी सात दिवस आधी लेखी अर्ज केल्यास, अर्ज येण्याच्या क्रमाने आणि समान शुल्कात देण्यात येईल. एका कार्यक्रमासाठी सलग पाच दिवसांपेक्षा अधिक काळ जागा दिली जाणार नाही. अर्जावर तीन दिवसांत लेखी उत्तर न दिल्यास जागा मंजूर झाली असे समजण्यात येईल. कार्यक्रमाचा खर्च आयोजकांनी स्वेच्छेच्या वर्गणीतून करावा. संस्थेच्या देखभाल खात्यातून, दुरुस्ती निधीतून किंवा सिंकिंग फंडातून कोणत्याही धार्मिक कार्यक्रमासाठी खर्च केला जाणार नाही.' तीन दिवसांची अट 'विचाराधीन' या शब्दावरचा उतारा म्हणून घातली होती आणि ठरावातली सर्वांत उपयोगी ओळ तीच ठरली.

ठराव तयार झाला की त्याची एक परीक्षा घ्यावी. त्यात कोणत्या सणाचे नाव असेल, किंवा नसले तरी मनात असेल, तर त्या जागी दुसऱ्या सणाचे नाव घालून तो मोठ्याने वाचावा. गणपतीच्या जागी ईद, ईदच्या जागी आंबेडकर जयंती, जयंतीच्या जागी पर्युषण. वाचताना कुठे जीभ अडखळली तर नियमात खोट आहे असे समजावे. आमच्या पहिल्या मसुद्यात 'सभागृहात मांसाहारी पदार्थ आणू नयेत' असे एक कलम होते आणि ते लिहिणाऱ्याला ते स्वच्छतेचे कलम वाटत होते. मोठ्याने वाचताना लक्षात आले की त्याने गणेशोत्सवाला काहीच फरक पडत नाही, नाताळचे आणि इफ्तारचे जेवण मात्र बाद होते. चौथ्या मजल्यावरच्या आगरी आजोबांनी तर सरळच विचारले की, नातवाच्या साखरपुड्याला आम्ही काय फक्त वरणभात वाढायचा का. ते कलम काढून त्या जागी 'सभागृह त्याच दिवशी धुऊन, होते तसे परत करावे आणि ५,००० रुपये अनामत ठेवावी' असे घातले. स्वच्छता हवी असेल तर स्वच्छतेचाच नियम करावा.

पाच दिवसांच्या मर्यादेवर बरीच चर्चा झाली. दीड दिवसाची अट सर्वांना समान दिसली असती, पण तिने गौरी-गणपती मोडले असते. दहा दिवसांची मुभा ठेवली तर सभागृह महिनाभर अडकले असते. नवरात्र पाच दिवसांत बसत नाही, म्हणून गरब्याची मंडळी आजही माझ्यावर थोडी रुसलेली आहेत. ती मोकळ्या जागेत पाच रात्री खेळतात आणि उरलेल्या चार रात्री शेजारच्या संस्थेत जातात. पूर्ण समाधान करणारी मर्यादा मला सापडली नाही.

पैशांचा व्यवहार

वर्गणी वेगळ्या पावतीपुस्तकावर घ्यावी आणि ती संस्थेच्या खात्यात भरू नये. संस्थेच्या आवाराबाहेरच्या लोकांकडूनही वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी. अनेक मंडळे दर वर्षी ती घेतात. 'सांस्कृतिक खर्च' या नावाखाली पूजेचे सामान ताळेबंदात घालण्याची पद्धत सोडून द्यावी. लेखापरीक्षकाने हरकत घेतली नाही म्हणजे ते बरोबर आहे, असे होत नाही. उपविधींमध्ये सामाजिक आणि सांस्कृतिक कार्यक्रमांना वाव आहे, हे खरे. प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन, मुलांच्या स्पर्धा, आरोग्य शिबिर हे खर्च त्यात बसतात आणि ते सर्वांच्या पैशातून करायला कोणाची हरकत नसते.

उत्सवानंतर हिशेब फलकावर लावावा, पण त्यात फक्त एकूण जमा, एकूण खर्च आणि शिल्लक दाखवावी. सदनिकेच्या क्रमांकापुढे रकमा लिहिलेली वर्गणीदारांची यादी लावू नये. ज्यांनी पैसे दिले त्यांचा गौरव व्हावा म्हणून ती लावली जाते, पण लोक तिच्यात न दिलेल्यांची रिकामी घरे आधी पाहतात. वर्गणी मागायला एका घरी एकदाच जावे. सुरक्षारक्षकाला पावतीपुस्तक देऊन पाठवू नये, कारण त्याला नाही म्हणायला लोक कचरतात, आणि नाही म्हणाले तर पुढे गेटवर रोज तोच उभा असतो.

सदनिकेच्या हस्तांतरणाच्या वेळी मंदिरासाठी देणगी घेण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती बेकायदा आहे. हस्तांतरणाचे अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येते आणि त्याखेरीज देणगी म्हणून, मग ती कोणत्याही देवाच्या नावाने असो, सक्तीने काहीही घेता येत नाही.

मंडप आणि आवाज

मंडप रस्त्यावर किंवा पदपथावर घालायचा असेल तर महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी लागते. या विषयातला महत्त्वाचा निकाल ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिला. रस्त्यावर मंडप उभारण्याचा हक्क धर्मस्वातंत्र्यात येत नाही आणि ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, ही त्यातली दोन सूत्रे समितीने पाठ करून ठेवावीत. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातल्या रहिवाशांच्या याचिकेवर याच न्यायालयाने ध्वनिक्षेपकाबद्दल तेच पुन्हा सांगितले. त्याआधी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चर्चच्या प्रकरणात, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताच धर्म सांगत नाही, असे म्हटले होते. एक निकाल मंडपांविषयी आहे, दुसरा मशिदींवरच्या भोंग्यांच्या तक्रारीतून आलेला आणि तिसरा चर्चविषयी. तिन्हींत न्यायालयाने मोजमाप एकच वापरले, हे सभेत सांगितले की पुष्कळसा आवाज तिथेच कमी होतो.

ते मोजमाप २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या कुंपणाशी या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, आणि राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस जाहीर करून त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकते. रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते. घोडबंदर रस्त्यालगत इतक्या शाळा आणि रुग्णालये आहेत की आपली संस्था अशा क्षेत्रात येते का, हे आधीच पाहून ठेवावे.

प्रत्यक्षात करायचे ते एवढेच : साउंडवाल्याला कामाचे पैसे ठरवतानाच लेखी सांगावे की स्पीकरची तोंडे इमारतीच्या आतल्या बाजूला राहतील आणि पावणेदहाला वायर निघेल. दहाला बंद करायचे ठरवले तर शेवटची आरती सव्वादहापर्यंत लांबते, हा अनुभव आहे. भ्रमणध्वनीवरचे आवाज मोजण्याचे ॲप न्यायालयात चालणार नाही, पण कुंपणाजवळ उभे राहून आयोजकाला आकडा दाखवायला ते पुरेसे असते. मंडप कुठलाही असो, अग्निशमन दलाचा बंब आत वळेल एवढा रस्ता मोकळा सोडावा. त्याबाबत भक्तांशी वाटाघाटी करू नयेत.

कुर्बानीचा विषय निघाला की आवाज फार लवकर चढतो, म्हणून त्याविषयी कायद्याचे थोडक्यात सांगतो. जून २०२३ मध्ये मुंबईतल्या एका इमारतीच्या संदर्भात उच्च न्यायालयाने, महापालिकेची परवानगी नसेल तर संस्थेच्या आवारात कुर्बानी होऊ देऊ नये, असा आदेश दिला होता. म्हणजे प्रश्न परवानगीचा आहे. घरात बकरा आणून बांधणाऱ्या शेजाऱ्याच्या दारात जमाव करून घोषणा देणे हे समितीचे काम नाही. तसे कोणी करत असेल तर समितीने शेजाऱ्याच्या दाराशी उभे राहावे आणि पोलिसांना बोलवावे.

घर विकणे, भाड्याने देणे

'फॅमिली कोणती आहे?' हा प्रश्न आमच्या भागातले दलाल भाव सांगण्याआधी विचारतात. घरमालक म्हणून कोणाला घर द्यायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न असेल, समितीने त्यात पडू नये. आदर्श उपविधींनुसार सदनिका हस्तांतरित करायला संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागतच नाही. बँकेला किंवा विकणाऱ्याला हवे असेल तर ते मागता येते. तरीही 'समितीची एनओसी आणा' असे सांगून महिनोन्महिने ताटकळत ठेवणे हा नकोशा माणसाला घालवण्याचा रूढ मार्ग आहे. सहकार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पात्र व्यक्तीला पुरेसे कारण असल्याशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि धर्म हे पुरेसे कारण नाही. भाडेकरूच्या बाबतीत संस्थेने करारनाम्याची प्रत आणि पोलिसांना माहिती दिल्याची पोच, एवढेच मागावे.

संस्थेचे छापील अर्ज एकदा तपासावेत. आमच्या सभासदत्वाच्या अर्जात 'धर्म' आणि 'जात' असे दोन रकाने होते. ते कोणी छापले ते कोणालाच ठाऊक नव्हते आणि त्या माहितीचा आजवर एकदाही उपयोग झाला नव्हता. आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती राज्यालाही करता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे. जे राज्याला विचारता येत नाही ते आमच्या खजिनदारालाही विचारायचे कारण नव्हते. उरलेले दोनशे अर्ज आम्ही कच्च्या कामाला वापरले.

दाराबाहेरचे तोरण, कंदील, क्रूस, चंद्रकोर, रांगोळी यांवर नियम करू नयेत. जिन्यात अडथळा होतो का, एवढेच पाहावे. सदनिकेच्या आत होणारे भजन, नमाज, प्रार्थनासभा किंवा बुद्धवंदना यांना वाढदिवसाच्या पार्टीला लागू असलेलेच नियम लागू ठेवावेत.

समितीच चुकत असेल तर सभासदाने आधी लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी, मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावे. संस्था आणि सभासद यांच्यातला वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयातही नेता येतो. तोंडी तक्रार किंवा व्हॉट्सॲप गटावरचा संताप पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही, उलट तोच पुढे आपल्याविरुद्ध वाचला जातो.

आधीच बसलेला देव

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्याचे नीट उत्तर माझ्याकडे नाही. गेटजवळ, सुरक्षारक्षकाच्या केबिनला लागून, फरशी लावलेले छोटेसे देऊळ अनेक संस्थांमध्ये असते, तसे ते आमच्याकडेही आहे. विकासकाने सदनिका विकताना ते बांधून दिलेले असते आणि मंजूर नकाशात ते बहुधा नसते. सार्वजनिक रस्ते आणि उद्यानांतल्या नव्या अनधिकृत प्रार्थनास्थळांना सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने मज्जाव केला आहे. खासगी आवारातल्या बांधकामाला मात्र नियोजन प्राधिकरणाचे नियम लागू होतात, आणि नवी मुंबईत जमीन सिडको या सरकारी महामंडळाच्या भाडेपट्ट्याची असेल तर त्या पट्ट्याच्या अटीही पाहाव्या लागतात.

असे देऊळ एका ठरावाने हलवण्याचा प्रयत्न करू नये, आणि ते आहे म्हणून आणखी एक बांधायलाही कोणाला परवानगी देऊ नये. ते आहे तेवढेच ठेवावे. कळस, सभामंडप, ग्रिल, लादी अशी वाढ हळूहळू होते आणि प्रत्येक वेळी ती 'दुरुस्ती' म्हणून येते, म्हणून चारही बाजूंची मापे घेऊन ती इतिवृत्तात नोंदवावीत. दानपेटीला दोन कुलुपे असावीत आणि ती दोन वेगळ्या माणसांच्या समोर उघडावी. ज्यांच्या धर्माचे असे काही आवारात नाही, ते हा असमानपणा रोज गेटमधून जाता-येता पाहतात. ते बोलत नाहीत म्हणून त्यांच्या लक्षात आले नाही असे धरू नये. आमच्या ईस्ट इंडियन शेजाऱ्यांना मी हे विचारले तेव्हा ते म्हणाले, 'देऊळ राहू द्या हो, फक्त त्याचं लाइटबिल माझ्याकडून घेऊ नका.'

आम्ही विजेच्या माणसाला बोलावून देवळातल्या दोन दिव्यांना आणि एका पंख्याला स्वतंत्र उपमीटर लावून घेतला. त्याच्या वाचनानुसार जी रक्कम निघते ती दर महिन्याच्या पाच तारखेला दानपेटीतून संस्थेच्या खात्यात भरली जाते. तिची पावती क्रमांकासह फाइलला लागते, आणि पदभार सोपवताना ती फाइल मी नव्या सचिवांच्या हातात सर्वांत आधी दिली.